विजेच्या जाळ्याला दृष्टि देणारे प्राध्यापक



नगर-मनमाड रस्त्यानें शिर्डीकडे निघालेल्या प्रवाशास वाटेंत राहाता तालुक्यांतील बाभळेश्वर हें गांव लागतें. याच गांवीं चार लाख व्होल्ट दाबाचें एक मोठें वीज-उपकेंद्र आहे. उंच लोखंडी मनोरे, त्यांवरून गेलेल्या जाड तारा, आणि तारांना मनोऱ्यांपासून अलग ठेवणाऱ्या चकत्यांच्या लांबलचक माळा, एवढेंच बाहेरच्या माणसास दिसतें. भुसावळच्या बाजूनें आलेली वीज येथें पोहोंचते, आणि येथून निघालेली एक वाट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत जाते. संगमनेरच्या एखाद्या घरांत मुलगा रात्रीं अभ्यासास बसतो, तेव्हां त्याच्या दिव्याचा संबंध केवळ दारांतल्या खांबाशीं नसतो. शेंकडों कोसांवर फिरणाऱ्या यंत्रांशीं असतो.

या सर्व यंत्रांस एका सूत्रांत बांधणारें जें जाळें, त्याला आपल्या स्वतःच्या स्थितीचें ज्ञान क्षणोक्षणीं कसें व्हावें, हा प्रश्न ज्यांनीं आयुष्यभर मनाशीं धरला, अशा एका प्राध्यापकांची आज ओळख करून घ्यावयाची आहे. त्यांचें नांव अरुण फडके. आडनाव महाराष्ट्रीय, शिक्षण आग्रा, खरगपूर, शिकागो व मॅडिसन येथें, आणि कर्मभूमि अमेरिका. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घडविलेलें एक उपकरण आज जगांतील अनेक देशांच्या उपकेंद्रांत बसलेलें आहे. त्याचें नांव सामान्य माणसास ठाऊक नाहीं, याचें कारण सोपें आहे. दिवा लागला म्हणजे कोणी विचारीत नाहीं कीं तो कां लागला. विझला म्हणजेच विचारतात.

आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० वेळां आंदोलनें घेतो. जाळ्याला जोडलेलें प्रत्येक जनित्र, मग तें कोळशावर चालो वा पाण्यावर, याच तालावर फिरावें लागतें. आषाढी वारींतील दिंडी डोळ्यांपुढें आणावी. टाळकरी एका ठेक्यावर पाऊल टाकतात. परंतु एखादा किंचित् पुढें असतो, एखादा किंचित् मागें. विजेच्या दिंडींत नियम असा कीं, जो पुढें आहे त्याच्याकडून जो मागें आहे त्याच्याकडे शक्ति वाहते. हें पुढेंमागें असणें अंशांत मोजतात, म्हणून त्यास कोन असें म्हणतात. कोन बेताचा असला तर वीज सुरळीत वाहते. मागणी वाढली कीं कोन वाढतो. तो एका मर्यादेपलीकडे गेला कीं ताल तुटतो, दिंडी फुटते, आणि जाळ्याचे तुकडे होऊन शहरेंच्या शहरें काळोखांत बुडतात. जाळ्याची प्रकृति ओळखण्याची नाडी ती हीच. परंतु गंमत अशी कीं, कित्येक वर्षें ही नाडी प्रत्यक्ष पाहतां येत नव्हती. दोन ठिकाणचा दाब मोजतां येई, प्रवाह मोजतां येई. पण शंभर कोसांवरील दोन गांवांमधील कोन मोजणें कोणास साधलें नव्हतें. तो केवळ गणितानें अजमावीत.

फडके यांनीं १९५५ सालीं आग्रा विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी घेतली, व तेथून ते खरगपूरच्या आय. आय. टी. मध्यें गेले. स्वतंत्र भारताची ही पहिली तंत्रशिक्षण-संस्था १९५१ सालीं हिजली येथील जुन्या बंदिवानांच्या छावणींत सुरू झाली होती. तेथून १९५९ सालीं ते बी. टेक्. झाले. पुढें शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १९६१ सालीं एम्. एस्., व मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठांतून १९६४ सालीं पीएच्. डी. अशा पदव्या त्यांनीं संपादन केल्या. त्यानंतरचा त्यांचा मार्ग मात्र विद्वानांच्या नेहमींच्या वाटेनें गेला नाहीं. १९६३ ते १९६७ या काळांत ते ॲलिस-चामर्स या यंत्रें बनविणाऱ्या कंपनींत होते. मग दोन वर्षें विस्कॉन्सिन येथें अध्यापन. १९६९ सालीं ते पुनः विद्यापीठ सोडून अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर या मोठ्या वीज-कंपनींत गेले, व तेथें तेरा वर्षें राहिले. कारखाना, शाळा व प्रत्यक्ष जाळें अशा तिन्ही घरचें पाणी ते प्याले. त्यांच्या पुढील कार्याचें बीज या येण्याजाण्यांतच आहे.

ते या क्षेत्रांत नवखे असतांनाच एक मोठी घटना घडली. ता. ९ नोव्हेंबर १९६५ रोजीं सायंकाळीं नायगाराजवळील एका वीज-केंद्रांत एका लहानशा रक्षक-यंत्रानें एक वाहिनी तोडली. वाहिनींत कांहींहि बिघाड नव्हता. केवळ भार वाढला होता, आणि यंत्राची मर्यादा वाढत्या भाराच्या मानानें कोणी बदलली नव्हती. एका वाहिनीचा भार शेजारच्या वाहिन्यांवर पडला, त्याहि तुटल्या, आणि थोड्याच मिनिटांत न्यूयॉर्कसह अमेरिका व कॅनडा यांतील सुमारें तीन कोटि लोक अंधारांत सांपडले.

या रक्षक-यंत्रास रिले म्हणतात. त्याचें काम वाड्याच्या पहारेकऱ्यासारखें आहे. तार तुटून पडली, वीज कोसळली, झाडाची फांदी लागली, तर क्षणार्धांत तो भाग अलग करावा, नाहीं तर लाखों रुपयांचीं यंत्रें जळून जातील. पहारेकरी दाब व प्रवाह यांचें प्रमाण पाहतो, आणि त्यावरून बिघाड किती दूर आहे हें ठरवितो. स्वतःच्या वाहिनीवर बिघाड असेल तर तत्काळ तोडतो. शेजारच्या वाहिनीवर असेल तर शेजारच्या पहारेकऱ्यास संधि देऊन, सुमारें एक सेकंद थांबून, मग तोडतो. या दूरच्या टप्प्यास तिसरा टप्पा म्हणतात. घोटाळा येथेंच होतो. भार फार वाढून दाब उतरला, कीं तेंच प्रमाण दूरच्या बिघाडासारखें दिसूं लागतें. जत्रेची गर्दी पाहून दरोडा पडला असें समजणारा पहारेकरी जसा गांवाची वेस बंद करील, तसा हा रिले नेमक्या गरजेच्या वेळीं वाट बंद करतो. त्याचा दोष अप्रामाणिकपणाचा नाहीं. त्याला आपल्या वेशीपलीकडचें कांहीं दिसत नाहीं, हाच त्याचा दोष.

वीज-कंपनींत असतांना फडके व त्यांचे सहकारी एका निराळ्याच कामांत गुंतले होते. चाकें, चुंबक व स्प्रिंगा यांच्या बळावर चालणाऱ्या जुन्या रिलेऐवजीं संगणकाकडून पहारा करवावा, असा त्यांचा प्रयत्न होता. अडचण अशी कीं, त्या काळचे संगणक फार मंद होते. तीन तारांच्या वाहिनींत दहा प्रकारचे बिघाड संभवतात, व ते ओळखण्यास सहा निरनिराळीं समीकरणें सोडवावीं लागतात. इतकें गणित होईपर्यंत आग लागून जावयाची. तेव्हां फोर्टेस्क्यू नांवाच्या अभियंत्यानें १९१८ सालीं मांडलेल्या जुन्या सिद्धांताचा त्यांनीं आश्रय घेतला. तीन तारांतील विस्कळित प्रवाह हे तीन सुव्यवस्थित प्रवाहांच्या मिश्रणानें झालेले आहेत असें मानावें, असा तो सिद्धांत. या युक्तीनें सहा समीकरणांचें काम एकानेंच होऊं लागलें. ही रीति त्यांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केली.

पुढें संगणक वेगवान् झाले, आणि ही युक्ति ज्या अडचणींतून निघाली ती अडचणच उरली नाहीं. दुसरा एखादा असता तर त्यानें तो कागद फडताळांत टाकला असता. परंतु फडके यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली. या रीतीनें काढलेलें दाबाचें मोजमाप फार अचूक होतें, आणि एका आंदोलनाच्या आंत हातीं येत होतें. दोन ठिकाणीं असें मोजमाप एकाच क्षणीं घेतलें, तर त्या दोन ठिकाणांमधील कोन, म्हणजेच जाळ्याची नाडी, प्रत्यक्ष हातास लागणार होती! मुख्य पीक वाळून गेलें, पण बांधावर उगवलेल्या झाडाला फळ आलें, असा हा प्रकार होय.

'एकाच क्षणीं' हे दोन शब्द उच्चारावयास सोपे आहेत. मुंबईकरांना या गोष्टीचा जुना अनुभव आहे. भारताची प्रमाणवेळ १९०६ सालीं ठरली, तरी मुंबईनें आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाहीं. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटें मागें असे. स्टेशनावरचें घड्याळ एक सांगे व नाक्यावरचें दुसरेंच. गाडी चुकण्यापलीकडे त्यानें फारसें बिघडत नसे. विजेच्या जाळ्यांत मात्र एक आंदोलन सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत पुरें होतें, व त्यांत ३६० अंश असतात. दोन ठिकाणच्या घड्याळांत सेकंदाच्या सहस्रांशाचा फरक पडला, तर कोनांत १८ अंशांची चूक होते. एवढी चूक असलेलें मोजमाप नाडीपरीक्षेस निरुपयोगी. याचें उत्तर आकाशांतून आलें. अमेरिकेच्या दिशादर्शक उपग्रहांवरील आण्विक घड्याळें पृथ्वीवर जो वेळेचा संदेश पाठवितात, तो सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंत अचूक असतो. त्यामुळें होणारी चूक अंशाच्या पन्नासाव्या भागाहूनहि कमी भरते. ही उपग्रहमाला त्या वेळीं अपुरी होती. १९९५ सालीं ती पूर्णपणें कार्य करूं लागली. फडके यांनीं हा विचार धरला तेव्हां तिचे थोडेच उपग्रह आकाशांत होते, व संदेश घेणारीं यंत्रें अतिशय महाग होतीं. येणाऱ्या साधनाची वाट पाहत हातावर हात ठेवून न बसतां, तें येईल या भरंवशावर त्यांनीं आपलें शास्त्र तयार ठेवलें.

१९८२ सालीं त्यांनीं कंपनीची स्थिर नोकरी सोडली, व ते ब्लॅक्सबर्ग येथील व्हर्जिनिया टेक विद्यापीठांत प्राध्यापक झाले. दुसऱ्याच वर्षीं कॉर्नेल विद्यापीठाचे जेम्स थॉर्प व तरुण अभियंते मार्क ॲडॅमियाक यांच्यासह त्यांनीं या मोजमापाचें तत्त्व एका निबंधांत मांडलें. १९८८ सालीं विद्यार्थ्यांच्या साहाय्यानें या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत पहिलें उपकरण तयार झालें. त्यास फेजर मेझरमेंट युनिट, म्हणजे कोन-मापक म्हणूं या, असें नांव मिळालें. आरंभींचीं कांहीं उपकरणें अमेरिकेंतील वीज-कंपन्यांच्या उपकेंद्रांत बसविण्यांत आलीं, व लवकरच एका कंपनीनें तीं बनवून विकण्यास प्रारंभ केला. पूर्वींच्या व्यवस्थेंत नियंत्रण-कक्षास कांहीं सेकंदांनीं एकदां आंकडे मिळत, व तेहि निरनिराळ्या क्षणींचे असत. त्यांवरून स्थितीचा अंदाज बांधावा लागे. नवें उपकरण सेकंदास पंचवीस वा पन्नास वेळां, क्षणाची मोहोर उमटवून, प्रत्यक्ष स्थिति कळवितें. अनुमानाच्या जागीं दर्शन आलें, असें थोडक्यांत म्हणतां येईल.

परंतु उपकरण निघालें म्हणजे काम झालें असें होत नाहीं. एका कारखान्याचें यंत्र दुसऱ्याच्या यंत्राशीं बोलेना, तर दोहोंचा उपयोग नाहीं. येथें फडके यांच्या आयुष्याची दुसरी बाजू दिसते. विद्युत्-अभियंत्यांची जी जागतिक संस्था, आय. ट्रिपल ई., तिच्या रक्षक-यंत्रविषयक समितींत ते दीर्घ काळ झटले, व पुढें तिचे अध्यक्षहि झाले. संस्थेच्या वीज-वहनविषयक नियतकालिकाचे ते प्रमुख संपादक होते. अशा समित्यांचें काम नीरस असतें. बनविणारे, विकत घेणारे व शिकविणारे एका मेजाभोंवतीं बसतात, आणि एकेका व्याख्येवर, एकेका शब्दावर वर्षानुवर्षें वाद घालतात. परंतु त्यांतूनच १९९५ सालीं या मोजमापाचें पहिलें मानक निघालें, व २००५ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति आली. कोणत्याहि कारखान्याचें उपकरण कोणत्याहि देशांत चालावें, हें या कंटाळवाण्या बैठकांचें फळ आहे. शोधकाला टाळ्या मिळतात. मानक लिहिणाऱ्याला त्या मिळत नाहींत.

अध्यापक या नात्यानेंहि त्यांची रीति अशीच होती. ज्या स्टॅनले होरोविट्झ यांच्याबरोबर वीज-कंपनींत रिलेचें काम केलें, त्यांच्याच साहाय्यानें त्यांनीं रक्षक-यंत्रांवरील पाठ्यपुस्तक लिहिलें. तें १९९२ सालीं प्रसिद्ध झालें, व पुढें त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. थॉर्प यांच्याबरोबर संगणकीय रिलेवर व कोन-मापनावर त्यांनीं स्वतंत्र ग्रंथ लिहिले. त्या दोघांनीं आणखी एक कल्पना पुढें मांडली. तिला त्यांनीं गुप्त दोष असें म्हटलें. रक्षक-यंत्रांत एखादें वैगुण्य वर्षानुवर्षें निमूटपणें दडून असतें; सर्व सुरळीत असेपर्यंत त्याचा मागमूस लागत नाहीं. दुसरीकडे कोठें संकट आलें, कीं तें त्याच वेळीं प्रकट होतें व लहान संकटाचें मोठें करतें. संसारांतहि हा अनुभव कोणास नाहीं?

ता. १४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिका व कॅनडा यांतील सुमारें पांच कोटि लोकांवर पुनः काळोख पसरला. याहि वेळीं ओहायो राज्यांतील एक महत्त्वाची वाहिनी तिसऱ्या टप्प्यानें, केवळ भारामुळें, तोडली. चौकशीच्या वेळीं असें आढळलें कीं, निरनिराळ्या केंद्रांतील नोंदींची घड्याळें जुळत नव्हतीं, आणि कोणती घटना आधीं व कोणती मागून हें ठरविण्यास फार श्रम पडले. त्यानंतर कांहीं जण म्हणूं लागले कीं, हा तिसरा टप्पाच काढून टाकावा. फडके व होरोविट्झ यांनीं २००६ सालच्या निबंधांत या प्रश्नाचा शांतपणें फेरविचार केला. सरसकट हकालपट्टी त्यांना मान्य नव्हती. कांहीं ठिकाणीं त्या टप्प्यावांचून दुसरा रखवालदारच नसतो; तेथें तो ठेवावा, पण भार व बिघाड यांतील भेद ओळखण्याचें ज्ञान त्यास द्यावें, असें त्यांच्या म्हणण्याचें सार आहे. संतापाच्या भरांत सर्वांस पटणारा उपाय न सुचवितां जो योग्य तोच सुचविणें, हें खऱ्या तज्ज्ञाचें लक्षण होय.

आतां आपल्या देशाकडे वळूं. ता. ३० जुलै २०१२ रोजीं पहाटे अडीचच्या सुमारास मध्यप्रदेशांतील बिना-ग्वाल्हेर ही चार लाख व्होल्टांची वाहिनी तुटली, व उत्तर भारताचें जाळें कोसळलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं एक वाजतां याच वाटेवर पुनः तोच प्रकार झाला. त्या वेळीं उत्तर, पूर्व व ईशान्य हे तिन्ही विभाग अंधारले. ज्या प्रदेशांत हा काळोख पसरला, त्यांत साठ कोटींहून अधिक लोक राहत होते. आगगाड्या जागच्या जागीं थांबल्या, खाणींत माणसें अडकलीं. सुदैवानें आपला पश्चिम विभाग तरला. आणि चौकशींत निघालें काय? वाहिनींत बिघाड नव्हताच. भार अतोनात वाढला होता, आणि तिसऱ्या टप्प्याच्या पहारेकऱ्यानें जत्रेस दरोडा समजून वेस बंद केली होती. ज्या विषयाचा फेरविचार फडके यांनीं सहा वर्षांपूर्वीं मांडला, तोच आपल्या दारांत येऊन उभा राहिला. त्या वेळीं देशांत कोन-मापक फार थोडे, प्रयोगादाखल बसविलेले होते. तरी चौकशी-समितीस त्यांच्या नोंदींचा उपयोग झाला, आणि हीं उपकरणें पुरेशा संख्येनें बसवावीं अशी शिफारस तिनें केली. तदनुसार पुढें देशभर तीं बसविण्याची मोठी योजना हातीं घेण्यांत आली. ता. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर वाहिनीनें दक्षिणेचें जाळेंहि उरलेल्या देशाशीं एका तालांत जोडलें गेलें. दिंडी जितकी मोठी, तितकी तिच्यावर नजर ठेवण्याची गरजहि मोठी.

फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटनें २००८ सालीं फडके व थॉर्प या दोघांस मिळून बेंजामिन फ्रँकलिन पदक अर्पण केलें. तत्पूर्वीं १९९३ सालीं फडके अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे सदस्य निवडले गेले होते. आपल्याकडील कांहीं लोक अशा वेळीं म्हणतात कीं, आमच्या पैशानें शिकलेला मनुष्य परक्यांच्या उपयोगीं पडला. हा आक्षेप अगदींच खोटा नाहीं. परंतु या बाबतींत हिशेब पुरा मांडला पाहिजे. खरगपूरचें शिक्षण ब्लॅक्सबर्गला गेलें, आणि तेथून उपकरणाच्या व मानकाच्या रूपानें आपल्याच उपकेंद्रांत परत आलें. तें घेण्यास आपणच उशीर लावला असेल, तर त्याचा जाब त्या प्राध्यापकास विचारतां येणार नाहीं.

आणि शेवटीं हेंहि विसरूं नये कीं, दृष्टि म्हणजे आचरण नव्हे. २०१२ च्या चौकशींत केवळ यंत्रांचा दोष निघाला नाहीं. कांहीं राज्यें आपल्या वांट्याहून अधिक वीज ओढीत होतीं, आणि भार कमी करा या सूचनांकडे त्यांनीं पुरेसें लक्ष दिलें नव्हतें, असेंहि आढळलें. कोन-मापक इतकेंच सांगतो कीं, दिंडी फुटावयास आली आहे. हात आंखडता घेण्याचें काम माणसांचें आहे. फडके यांनीं आपल्या वांट्याचें काम चोख केलें: जें कोणास दिसत नव्हतें तें दाखविलें, सर्वांस एका भाषेंत वाचतां येईल अशी व्यवस्था लावली, आणि तें वाचणारे विद्यार्थी तयार केले. पुढचें काम ज्यांच्या हातीं कळ आहे त्यांचें.

आज रात्रीं घरांतला दिवा क्षणभर मंद होऊन पुनः स्थिर झाला, तर बाभळेश्वरच्या त्या मनोऱ्यांची आठवण करावी. कोठेंतरी एखाद्या पहारेकऱ्यानें वेस बंद करण्यापूर्वीं नीट पाहिलें असेल.